इसब, कडुनिंब आणि हळद

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागे इसब आहे. सासूबाई कडुनिंबाचा पाला व हळद वाटून लावतात. वनस्पतींमधील घटकांनी हा विकार आटोक्यात येतो का? डॉक्टरांनी दिलेले मलम बंद करावे का?

उत्तर : मलम परस्पर बंद करू नये. कडुनिंबातील निंबिन आणि हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतात हे खरे. परंतु कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्वचेत खोलवर मुरत नाही, शिवाय वाटलेला पाला वाळताना ताणतो आणि मुळातच कोरडी असलेली त्वचा आणखी तडकते. ज्यांना पुराव्याचा भक्कम आधार आहे असे पदार्थ साधेच आहेत. ओट्सच्या अगदी बारीक पिठात अ‍ॅव्हेनान्थ्रामाइड ही खाज शमवणारी संयुगे असतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या ८ आठवड्यांच्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. अंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच ते हलक्या हाताने लावावे. उलट, इसबावर घेतल्या जाणाऱ्या इव्हनिंग प्रिमरोज (एका फुलझाडाच्या बियांचे) तेलाच्या कॅप्सूलचा परवाना ब्रिटनने २००२ मध्ये परिणामाच्या पुराव्याअभावी काढून घेतला. टी-ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या तेलाने तर कित्येकांना नवीच अ‍ॅलर्जी होते. बिब्ब्याने उठणारे फोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी’ हे पटणार नाही. चट्ट्यांतून पाणी किंवा पू येऊ लागल्यास लेप, तेल काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.