देव आठवणं वेगळं, अन्न सोडणं वेगळं

निम्म्या पत्रांत एकच वाक्य असतं : 'वय झालं की माणूस देवाकडे लागतोच ना?' काही लागतात, काही नाही. पण या वाक्याआड घरातलं दुखणं सहा-सहा महिने झाकलं जातं, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

प्रश्न : वडील आयुष्यभर नास्तिक. आता ७२व्या वर्षी रोज हरिपाठ म्हणतात. काही बिघडलंय का?

नाही. म्हणू द्या.

प्रश्न : वयानुसार श्रद्धा आपोआप परिपक्व होते, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं?

'आपोआप' हा शब्द खोटा. जेम्स फाउलर या अमेरिकी अभ्यासकाने १९८१ मध्ये श्रद्धेच्या सहा पायऱ्या मांडल्या. दुसऱ्याच्या वाटेतही सत्य असू शकतं, हे मनापासून मानण्याची पाचवी पायरी मध्यमवयाआधी क्वचित दिसते आणि कित्येक जण तिथवर पोचतच नाहीत. शिवाय त्याच्या मुलाखती मुख्यतः ख्रिस्ती आणि ज्यू माणसांच्या. वारीला जाणाऱ्या आजोबांना ती फूटपट्टी जशीच्या तशी लावू नका.

प्रश्न : आई (६८) दोन महिने म्हणते, 'मी पापी, माझ्यामुळे घराला साडेसाती लागली.' देवापुढे दिवा लावत नाही, जेवण निम्म्यावर आलंय. एकांनी २१ हजारांची शांती सांगितली आहे. आधी ती करावी का?

आधी डॉक्टर.

उतारवयात माणूस मागचा हिशेब मांडतो, त्यात वावगं काही नाही. भावाचा वाटा दाबला, जावेला तोडून बोललो, अशी टोचणी लागते. मग तो फोन करतो, पैसे परत करतो आणि मोकळा होतो. आजारातली टोचणी मोकळं होऊ देत नाही. माझ्याकडे एक आजी यायच्या. ४० वर्षांपूर्वी वाण्याने चुकून दोन रुपये जास्त दिले होते, ते त्यांनी ठेवून घेतले. मुलाने वाण्याच्या नातवाला ५०० रुपये नेऊन दिले, तरी आजी चहात साखर घेईनात. 'माझी लायकी नाही.' ते नैराश्य होतं. या वयात ते रडण्याऐवजी कधी अपराधीपणाच्या, कधी पोटदुखीच्या रूपाने येतं, आणि उपचारांनी बरं होऊ शकतं. थायरॉइड आणि बी-१२ही तपासावं लागतं. ते होमात कळत नाही. शांती करायचीच तर नंतर करा. आणि भीती घालून रक्कम सांगणाऱ्याला मी तरी दारात उभा करणार नाही.

जेवण कमी झालंय, तेव्हा याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'आता उचल रे देवा' असं वारंवार म्हणत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर आजच न्या आणि एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो.

प्रश्न : मधुमेह आहे. निर्जळी एकादशी चालेल का?

ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक उतरू शकते. गोळी मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना आधीच्या आठवड्यात विचारा, दशमीच्या रात्री नको.

प्रश्न : काका (६०) अत्यंत सरळमार्गी. हल्ली दुकानातून वस्तू उचलतात, पकडले तर हसतात. संस्कार कुठे गेले?

संस्कारांना दोष देऊ नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजारात स्मरणशक्ती सुरुवातीला बरीचशी शाबूत असते. लाज आणि दुसऱ्याबद्दलची कणव आधी जाते. तो बहुधा ४५ ते ६५ वयात सुरू होतो. काकांना तोच आहे, असं मी पत्रावरून सांगणार नाही, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालवू नका. तोवर नेहमीच्या दुकानदाराला विश्वासात घ्या, बिल तुम्ही भरा, आणि चारचौघांत काकांना रागावू नका.