मुलाचं नाव आरव ठेवावं की अर्जुन?

दोन्ही नावं संस्कृत, पण माझं मत अर्जुनला.

आरवचा अर्थ बऱ्याच ठिकाणी 'शांत' असा दिलेला आढळतो. तो चुकीचा आहे. 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजे नाद, मोठा आवाज, कल्लोळ. अर्थ वाईट नाही, पण शांततेसाठी नाव ठेवणार असाल तर आधीच विचार करा.

'अर्जुन' म्हणजे पांढरा, उजळ. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात 'अहश्च कृष्णमहरर्जुनं च' असं आहे: काळी रात्र आणि उजळ दिवस. कृष्ण आणि अर्जुन ही जोडी तिथे रात्र-दिवसाच्या रूपात भेटते, हे मला फार सुंदर वाटतं. महाभारतात, विराटपर्वात, अर्जुन स्वतःच विराट राजाच्या मुलाला, उत्तराला, आपली दहा नावं आणि त्यांची कारणं सांगतो: वर्ण उजळ आणि कर्म शुद्ध, म्हणून अर्जुन. अर्जुनसादड्याच्या खोडाला हात लावून पाहा. सालीचा पापुद्रा निघाला की आत फिकट, गुळगुळीत खोड दिसतं. झाडाला तेच नाव का, ते लगेच कळतं.

आरव हे अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत गाजलेलं नाव. माझ्या भाचीच्या बालवाडीत "आरव!" म्हटलं की तिघे वळून बघतात. अर्जुनही सगळीकडे आहे, केरळपासून पंजाबपर्यंत, पण ते आजोबांच्या पिढीतही होतं आणि पुढेही जुनं वाटणार नाही.

आणि ठेवलंत तर जन्मदाखल्यावर 'अर्जुन' असंच लिहा, 'जु' ऱ्हस्व.