गल्लीतल्या गाड्यांची तक्रार कुणाकडे?

प्रश्न: आम्ही अंबाबाई मंदिराजवळच्या गल्लीत राहतो. सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजूंना भाविकांच्या गाड्या लागतात. नवरात्रात सासऱ्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून न्यावं लागलं, रुग्णवाहिका आत येईना. नागरी सुविधांच्या बैठकीत हे मांडलं, तर ‘बघतो’ एवढंच ऐकायला मिळालं. आता काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, वाचून जीव कळवळला. ‘बघतो’ म्हणजे उत्तर नव्हे. तीच मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ नुसार पार्किंगच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरतात. म्हणून अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्या, प्रत वाहतूक पोलिसांना.

मोघम लिहू नका. टेपनं गल्ली मोजा, गाड्या लागल्यावर मधे किती फूट उरतात ते लिहा, फोटो जोडा. एका बाजूला पार्किंगबंदी किंवा सम-विषम तारखेचं पार्किंग मागा. बिंदू चौकातल्या वाहनतळाची दिशा दाखवणारा फलकही मागा. शेजाऱ्यांच्या सह्या हव्यातच. पण त्यांच्याही गाड्या दारातच असतात, तेव्हा आधी त्यांच्याशी मोकळेपणानं बोला.

तरी हालचाल नसेल, तर अर्जावर काय कारवाई झाली, ते माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.