नवीन पेडल आलं की वाजवतो, मग पुन्हा बंद

"मॅडम, नवीन पेडल आलं की आठवडाभर रोज वाजवतो. मग गिटार परत कपाटावर. मी खरंच गिटारवाला आहे, की नुसता खरेदीवाला?"

कॅमेरे घेणारे, सायकली घेणारे, रंगांचे संच जमवणारे, सगळे मला हेच विचारतात. इथली गोष्ट गिटारवाल्याची आहे. पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ३८, हिंजवडीत नोकरी, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. कॉलेजात बँड होता. आता घरात नऊ पेडल होती आणि गिटार महिन्यातून एखाद वेळी खाली उतरायची.

शेवटचं पार्सल त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. ते बायकोला स्टेपनी काढताना सापडलं आणि तिनेच त्यांना माझ्याकडे आणलं. "सगळं विकून टाकायला सांगा," ती म्हणाली.

लपवाछपवी ऐकली की मी आधी पैशांचं विचारते. कार्डावर थकबाकी आहे का, घरखर्चाला हात लागतो का, मन खचलं की रात्री दोनला ऑर्डर जाते का. उत्तरं 'हो' आली असती तर आधी त्यावरच काम केलं असतं. इथे तसं काही नव्हतं. घेतो पण वाजवत नाही, याची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते लपवत होते.

पुढच्या भेटीला एखादं पेडल घेऊन या, असं मी सांगितलं. त्यांनी डब्याच्या पिशवीतून दोन काढली. एक नारिंगी, बॉस कंपनीचं डीएस-१, १९७८ पासून निघणारं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं. शर्टाच्या बाहीने त्याचे नॉब पुसत म्हणाले, हे लावलं की हळू आवाजातही सूर लांबतो. दुसरं डिले, म्हणजे वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारं. ते समजावताना त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरला. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. डिले ३७५ मिलिसेकंदांवर, म्हणजे पाऊण मात्रेवर ठेवला की आपल्या दोन सुरांच्या मधल्या जागेत पडसाद येऊन बसतो. "पण लय जरा हलली की सगळी खिचडी होते, मॅडम. मग आपोआप सांभाळून वाजवावं लागतं."

पंधरा मिनिटं हे चाललं होतं. नुसत्या खरेदीत रमणारा माणूस पाऊण मात्रेवर इतकं बोलत नाही. नव्या पेडलमुळे त्यांना 'यातून काय निघतं बघू' एवढंच कुतूहल पुरायचं. ते जुनं झालं की गिटार हातात घेताना पहिला विचार यायचा तो विशीतली बोटं आता राहिली नाहीत, हा. विकून टाकण्याचा सल्ला मी दिला नाही, तो याचमुळे. ज्या ओढीने माणूस वाद्यापर्यंत पोचतो, तीच काढून घेतली तर उरणार काय?

मग एक साधी गोष्ट मोजायला सांगितली. वाजवायचं ठरवल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत किती वेळ जातो? कपाटावरून बॅग काढा, पलंगाखालून अ‍ॅम्प ओढा, पेडल जोडायची पॅच केबल शोधा, अडॅप्टरसाठी इस्त्रीचा प्लग काढा. बारा मिनिटं! मुलगी झोपल्यावर हाताशी अर्धा तास. नवं पेडल आलेल्या आठवड्यात हे सगळं आधीच मांडलेलं असायचं, आणि रोज वाजवण्याचं निम्मं रहस्य तिथेच होतं.

आजीच्या घरचा जुना पाट त्यांनी माळ्यावरून काढला. त्यावर वेल्क्रोने तीनच पेडल बसवली: डिस्टॉर्शन, डिले आणि लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं. तारा जोडलेल्याच ठेवायच्या, गिटार हॉलमध्ये स्टँडवर, कानाला हेडफोन. मुलीच्या खोलीतला दिवा मालवला की पाटासमोर बसायचं आणि लूपरमध्ये चार ओळींचा एक तुकडा भरायचा. आवडला तर ठेवायचा, नाहीतर पुसायचा. उरलेली सहा पेडल पेटीत. कंटाळा आला तर दुकानात जायच्या आधी त्यातलं एक पाटावरच्या एकाशी बदलायचं. नवं घ्यायचंच असेल तर आधी एक विकायचं, आणि बायकोला सांगून.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या कामात चार रात्री चुकल्या आणि "मोडलं सगळं" असा मेसेज आला. त्यांना मी लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली यांचा २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास सांगितला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. चार रात्री म्हणजे एकाहून जास्त, हे खरं. पण पाट मांडलेलाच होता. पाचव्या रात्री बसा, एवढंच म्हटलं.

तीन महिन्यांनी आठवड्यातल्या चार-पाच रात्री वाजवणं होत होतं. दोन पेडल विकून त्यांनी एक घेतलं. पार्सल दाराशी आलं तेव्हा ते बायकोने उघडलं.