अमेरिकेतल्या कॉलेजात वर्क-स्टडीच्या मुलांकडून काम कसं करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की एका छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत नुकत्याच रुजू झालात, हाताखाली वर्क-स्टडीची (म्हणजे सरकारी मदतीतून पगार मिळणाऱ्या, कॉलेजातच अर्धवेळ काम करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या योजनेतली) सहा मुलं दिलीत, ती वेळेवर येत नाहीत आणि त्यांना बोलावं तरी कसं ते कळत नाही. शिवाय एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, आलेल्या भाचीला यात लावता येईल का, हेही विचारलंय. मीही इथल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत सर्क्युलेशन डेस्क (पुस्तकं देण्या-घेण्याचं काउंटर) सांभाळते, तेव्हा हा माझा रोजचाच धंदा आहे.

बोलायचं नंतर बघू, आधी हिशोब करा. फायनान्शियल एड ऑफिसकडून (विद्यार्थ्यांची आर्थिक मदत बघणाऱ्या कचेरीकडून) प्रत्येकाची मंजूर रक्कम मागून घ्या. समजा एकीला वर्षाचे २४०० डॉलर मंजूर आहेत आणि दर ताशी १५ डॉलर आहे. झाले १६० तास. पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सेमिस्टर धरली तर आठवड्याला जेमतेम सव्वापाच तास येतात. तुम्ही हौसेने दहा-दहा तास दिलेत, तर डिसेंबरपर्यंत १५० तास उडतात आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात खातं रिकामं. तोवर १५ डॉलरपैकी सव्वाअकरापर्यंत सरकार देत असतं, बाकीचे संस्थेचे. रक्कम संपली की पुढचा तास पूर्णच्या पूर्ण संस्थेच्या, म्हणजे बहुधा तुमच्याच विभागाच्या बजेटमधून जातो. आणि नेमका तेव्हा तुमचा वरिष्ठ तुम्हाला केबिनमध्ये बोलावतो.

मुलांचाही इथेच गोंधळ असतो. अवॉर्ड लेटरवर, म्हणजे मदत मंजूर झाल्याच्या पत्रावर, आकडा दिसला की त्यांना वाटतं पैसे मिळाले. ते आपोआप मिळत नाहीत; काम करायचं, तासांप्रमाणे पगार घ्यायचा. न केलेल्या तासांचे पैसे कुणी देत नाही. हे ऑगस्टमध्येच आकड्यानिशी कागदावर मांडून दाखवलंत, तर उशिरा येणारे निम्मे जण सुधारतात असा माझा अनुभव आहे.

आपल्या लोकांना हे ‘कमवा आणि शिका’सारखं वाटतं. वरवर साम्य आहेच, पण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लेखी अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग होता. इथली योजना १९६४ साली जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी कायद्यातून आली आणि कोणाला किती गरज आहे ते फाफ्साचा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीच्या अर्जाचा, फॉर्म ठरवतो. म्हणजे तुमच्या डेस्कवरच्या मुलीला या पैशांची खरोखर निकड असू शकते. शिस्त लावताना एवढं ध्यानात असू द्या.

टाइमशीटच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. लेक्चरच्या वेळेत वर्क-स्टडीचं काम चालत नाही. सोमवारी दहाचं लेक्चर असलेल्या मुलाने सोमवारी दहा ते अकरा भरले असतील, तर ऑडिटमध्ये ते सापडतंच. लेक्चर रद्द झालं म्हणून तो आला असेल, तर प्राध्यापकांचा तसा ईमेल टाइमशीटला जोडून ठेवा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मंजूर रक्कम संपल्यावर एखादी म्हणेल, ‘मी अशीच येऊन थोडी मदत करते.’ चालणार नाही. केलेल्या प्रत्येक तासाचा पगार द्यावाच लागतो, फुकटची सेवा घेणं बेकायदा आहे. तिला प्रेमाने घरी पाठवा.

आता कामाबद्दल. ‘डेस्कवर बस, कोणी आलं तर बघ’ असं सांगितलंत की मूल फोनमध्ये गेलंच म्हणून समजा. नेमकं काम द्या आणि ते का तसं करायचं हेही सांगा. शेल्फ रीडिंगचंच घ्या, म्हणजे कपाटातली पुस्तकं क्रमाने आहेत का ते तपासणं. पुस्तकाच्या पाठीवरच्या, त्याची जागा सांगणाऱ्या कॉल नंबरमध्ये .बी४५ हे .बी५ च्या आधी येतं, कारण ते आकडे दशांशाने वाचायचे असतात. नवी मुलं पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे म्हणून बिनदिक्कत उलटं लावतात, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. मी पहिल्या दिवशी कॉल नंबर लिहिलेली कार्डं पिसून हातात देते आणि क्रमाने लावायला सांगते. कोणाला किती समजलंय ते दहा मिनिटांत कळतं. रीडिंग झाल्यावर डेस्क शांत असेल तर अभ्यास करू देते. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. माझं म्हणणं एवढंच की नियम आधी सांगा: गिऱ्हाईक समोर आलं की मान वर झाली पाहिजे आणि कानात इअरफोन नकोत.

परीक्षेच्या आठवड्याचं वेळापत्रक सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मागून घ्या आणि त्या आठवड्यात तास कमी करा. शिफ्टची अदलाबदल त्यांची त्यांनी करावी, पण दोघांचाही मेसेज तुम्हाला आला पाहिजे. न सांगता दांडी मारली तर पहिल्यांदा बाजूला घेऊन विचारा, दुसऱ्यांदा ईमेलने लेखी कळवा, तिसऱ्यांदा एड ऑफिसला मध्ये घ्या. सगळ्यांदेखत रागवू नका. एकदा अपमान झाला की ती मुलं भांडत बसत नाहीत, सरळ यायचीच बंद होतात.

आणखी एक, आपल्या मंडळींना हटकून खटकणारं. ‘माझा मुलगा आज कामावर आला का?’ असा एखाद्या आईचा फोन आला तर सांगू नका. विद्यार्थी म्हणून मिळालेल्या नोकरीची नोंददेखील विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याखाली येते. मुलाला निरोप देते म्हणा आणि फोन ठेवा.

भाचीचं म्हणाल तर नाही. वर्क-स्टडी अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही मोजक्या पात्र गटांसाठी आहे; एफ-१ वाल्यांना नाही. तिला कॅम्पसवरची साधी नोकरी करता येते, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, आणि तो पगार संपूर्णपणे त्या-त्या विभागाच्या बजेटमधून जातो. म्हणून जाहिरातीत ‘फक्त वर्क-स्टडी’ लिहिलंय का ते आधी बघायला सांगा. तुमच्याच हाताखाली मात्र घेऊ नका, नात्यातलं माणूस म्हटलं की एचआर आडवं येणारच. डायनिंग हॉलमध्ये विचारू दे, तिथे बहुतेक वेळा माणसं हवीच असतात.