मुळाशी न जाता बरं वाटेल का?

समुपदेशनाला यायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. आता सगळं पहिल्यापासून उकरून काढावं लागणार, जुन्या जखमांची खपली निघणार, वर्ष-दोन वर्षं फेऱ्या माराव्या लागणार. आणि मी वापरते त्या, उपायांवर भर देणाऱ्या पद्धतीत चार-पाच भेटींतही काम होऊ शकतं असं सांगितलं, की लगेच दुसरी शंका येते: मुळाशी गेलोच नाही, तर ती वरवरची मलमपट्टीच की! मधुराताई या दोन्ही शंका घेऊन आल्या होत्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांची पंधरा वर्षांची मुलगी त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. विचारलं की भांडण, नाही विचारलं की अबोला. ‘माझी आई माझ्याशी अशीच कडक वागायची, तेच माझ्यात उतरलंय,’ हे निदानही त्यांनी घरूनच करून आणलं होतं. मी ते सगळं ऐकून घेतलं. माणूस रडत असताना ‘चांगलं काय ते बघा’ म्हणणं म्हणजे त्याचं दुःख मोडीत काढणं आहे, आणि या पद्धतीच्या नावाखाली कुणी तसं केलं की मला मनापासून वाईट वाटतं. मुलीचं खाणं-झोप, स्वतःला इजा करणं, घरात मारहाण, बाहेर कुणाचा त्रास, हेही विचारून घेतलं. तसं काही नव्हतं.

मग मी विचारलं, “भेटीची वेळ घेतल्यापासून आजपर्यंत काही थोडंसं वेगळं घडलं का?”

“छे. म्हणजे, मधे तीन दिवस बरे गेले. पण ते धरू नका, माझा घसाच बसला होता.”

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पहिल्याच भेटीत 30 जणांना असं विचारलं होतं, तर 20 जणांनी बदल आधीच सुरू झाल्याचं सांगितलं. बहुतेकांना तो योगायोग वाटतो, म्हणून आपणहून कुणी बोलत नाही.

“धरू या की,” मी म्हटलं. “त्या तीन दिवसांत तुम्ही काय करत होतात?”

त्या आठवून सांगू लागल्या. आवाज फुटत नव्हता, म्हणून उशीजवळ वही-पेन ठेवलं होतं. लिहायचा कंटाळा, त्यामुळे अगदी गरजेचं तेवढंच लिहायच्या. दुसऱ्या संध्याकाळी मुलगी पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि मैत्रिणीशी बिनसल्याचं सांगत राहिली. “मी नुसती मान हलवत होते. मधेच वहीत लिहिलं, ‘मग?’ तर ती पुढे बोलायला लागली.” एवढं सांगून त्या गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही. ‘बघा, तुम्ही कमी बोललात की ती बोलते’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांचं त्यांना सापडायला हवं होतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “घसा बसल्याशिवाय मला हे जमेल का?”

या प्रश्नावरच पुढचं सगळं काम उभं राहिलं.

माझी ही पद्धत, सोल्यूशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी, म्हणजे उपायांवर भर देणारी अल्पकालीन थेरपी, अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये आकाराला आली. स्टीव्ह डी शेझर, इन्सू किम बर्ग आणि त्यांचे सहकारी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशामागे बसून एकमेकांच्या भेटी बघत, आणि कुठल्या प्रश्नानंतर माणूस पुढे सरकतो ते टिपत. अडचण कशी तयार झाली हे पुरतं कळलं नाही तरी ती कमी कशी होते हे शोधता येतं, असं त्यांना दिसत गेलं. माझाही अनुभव तोच आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न चमत्काराचा. रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि ही अडचण सुटली. सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल? मधुराताई म्हणाल्या, “ती माझ्याशी हसून बोलेल.” मी विचारलं, “आणि तिला तुमच्यात काय वेगळं दिसेल?” यावर त्यांना बराच वेळ लागला. “मी दारातच ‘आज काय झालं’ म्हणून चौकशी सुरू करणार नाही.” त्याऐवजी काय कराल, हे विचारणं मी कधी सोडत नाही; ‘करणार नाही’ असं नुसतं ठरवून हाती काही लागत नाही. “तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसेन. तिला बोलायचं असेल तर मी समोर असेन.”

10 म्हणजे ती चमत्कारानंतरची सकाळ असं धरून 0 ते 10च्या पट्टीवर त्यांनी स्वतःला 3 दिले. 0 का नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, “ती अजून माझ्यापाशी येते हे कळलं ना.” घरी जाताना काम एकच दिलं: पुढच्या भेटीपर्यंत, जे असंच चालू राहावं असं वाटतं ते टिपून ठेवायचं.

दुसऱ्या भेटीला 5, मग एका मोठ्या भांडणानंतर घसरून 4. त्या भांडणात कोण चुकलं यापेक्षा ते रात्रीपर्यंत मिटलं कसं, यावर आम्ही जास्त वेळ घालवला. पूर्वी आठवडाभर चालायचं. या वेळी मधुराताईंनी वहीचं पान फाडून दाराखालून आत सरकवलं होतं. त्यावर एकच शब्द: ‘मग?’

हे सगळ्यांना पुरतं असं मी म्हणणार नाही. जीव द्यावासा वाटणं, घरातली हिंसा, भास होणं, तीव्र नैराश्य असेल तर आधी सुरक्षितता आणि मानसोपचारतज्ज्ञ. हे प्रश्न फार तर सोबतीला. काहींना जुनं दुःख बोलायचंच असतं, त्यांना ती जागा मिळायलाच हवी.

मधुराताईंना शेवटच्या भेटीत मी आईबद्दल विचारलं, कारण तो विषय त्यांनीच आणला होता. “बोलायचंय कधीतरी,” त्या म्हणाल्या, “पण आता घाई नाही.” त्या दिवशी त्या 7वर होत्या. पुन्हा 4वर घसरायला लागलात तर सगळ्यात आधी कशावरून कळेल, एवढं ठरवून आम्ही थांबलो. “माझे प्रश्न दारातच सुरू झाले, की समजायचं,” त्यांनी सांगितलं.