दार उघडलं की स्पीकर बंद, मग वायर जाड टाकायची का?

गाडीचा मागचा डावा दरवाजा पूर्ण उघडला की त्यातल्या स्पीकरचा आवाज जातो, लावला की परत येतो, आणि दुकानदार म्हणतोय सगळीकडे 12 गेज टाका (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं ओळखीचं आहे. जाडीचा इथे काही संबंध नाही. दरवाजा आणि बॉडीमधल्या रबरी नळीत वायर तुटलेली असणार.

स्पीकर वायरची अ‍ॅम्प्लिफायरकडची (अ‍ॅम्प), तो नसेल तर स्टिरिओकडची, दोन्ही टोकं सोडवून मल्टीमीटर ओहमवर लावा. 4 ओहमच्या स्पीकरला साधारण 3.2 ते 3.8 दिसतं. कोणाला तरी दार हळूहळू उघडझाप करायला सांगा. आकडा उडाला की जागा सापडली. मग प्रत्येक टोक आणि बॉडी यांच्यात तपासा. तिथे आकडा आला तर सिस्टिम चालूच करू नका. हल्लीच्या बहुतेक स्टिरिओंत स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नव्हे, तीही आउटपुटच असते. बॉडीला टेकली तर आतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, उडू शकतो.

आता खरा घोळ. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा सीसीए असते, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. रोध तांब्याच्या दीडपट, आणि रोज दुमडली की तारा एकेक करून तुटतात. एक तार ब्लेडने नीट खरवडा. आतून पांढरी निघाली तर सीसीए. वरून पांढरी पण आत लाल असेल तर ते कथिल चढवलेलं तांबं, बिनधास्त घ्या. बाहेरच्या जाडीवर जाऊ नका, निम्मं तर प्लॅस्टिकच असतं.

मला 'प्युअर कॉपर' सांगून हेच गळ्यात मारलं होतं. तक्रार करायला गेलो तर बिलावर नुसतं 'वायरिंग किट'! हात वर करायला मोकळे. दुकानाचं नाव घेत नाही, पण तुम्ही बिलावर 'ओएफसी, 16 गेज, इतके मीटर' असं लिहून घ्याच (ओएफसी म्हणजे ऑक्सिजनमुक्त शुद्ध तांबं). लिहायला का-कू केली तर उठा तिथून.

दारांना 50-75 वॉटपर्यंत 16 गेज पुरते. 5 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर, रोध जेमतेम 0.13 ओहम. 12 गेज त्या नळीतून ओढताना घाम फुटेल. ती 2 ओहमच्या सबवूफरला ठेवा. वेगळा अ‍ॅम्प नसेल तर कंपनीची चांगली वायर बदलूच नका, असं माझं मत. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू नका, न कापता जोडायचा कपलर (प्लग) मिळतो.

नळीच्या आत जोड अजिबात नको, अख्खा तुकडा बदला. बाकीचे जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नुसत्या काळ्या टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो. दाराचं पॅनेल लावण्याआधी दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवून बघा: प्लसला प्लस असेल तर स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, बाहेर येतो. एक दार उलटं जोडलं गेलं तर बेस गायब होतो आणि मग पुन्हा वायरच्या नावाने खडे फोडले जातात.